टाकीतला नवा स्पंज

मासे पाळणाऱ्या मंडळींनो, आज तुमचं मत हवंय.

सकाळी आमच्या आप्पांच्या टाकीत जुन्या स्पंज फिल्टरशेजारी एक नवा स्पंज दिसला. नवी टाकी मांडायच्या आधी तिचा स्पंज काही दिवस जुन्या टाकीत ठेवतात, म्हणजे त्यात चांगले जीवाणू वाढतात. आप्पांनी तर तिसऱ्या टाकीलाच "ही शेवटची" असं सांगितलं होतं.

"आप्पा, चौथी येणार का?"

"न्हाई गं. जुना स्पंज खराब झालाय."

जुना तर छान बुडबुडे सोडत होता. दुपारी आप्पा माझं अभ्यासाचं टेबल वितीनं मोजताना सापडले. घरात पदवी मिळवलेली मी पहिली, म्हणून त्यांनीच हौसेनं करून घेतलेलं टेबल.

"आवं, सांगा की तिला आता," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"सोमवारी तू कोयनानगरच्या शाळेत रुजू हुणार," आप्पा म्हणाले. "खोली लय रिकामी वाटंल. मासं असलं म्हंजी रोज आत जाणं हुईल."

मला भरून आलं. दादा सैन्यात गेला तेव्हाही त्याच्या खाटेच्या जागी टाकी आली होती. मी म्हणाले, "मांडा, पण टेबलावर नको. मी सुट्टीला येणार आहे."

संध्याकाळी पुन्हा टाकीत डोकावले. वनस्पतींच्या मागे आणखी एक नवा स्पंज होता.

घरातून तर मी एकटीच जाणार आहे. खरं सांगा, तुम्हाला आधी काय सुचतं, नवी टाकी की तिचं कारण?