पाणी आलं, आभार माझे मानले

मंडळी, आज सकाळी मी माती खाल्ली.

कात्रजला आमच्या सोसायटीत सकाळी सहाला पाणी येतं, म्हणजे वाघमारेकाकू खाली जाऊन व्हॉल्व्ह फिरवतात म्हणून येतं. बिल्डिंग झाली तेव्हापासून पाणी, झाडं, ज्येष्ठांचा कट्टा, सगळं त्याच बघतात. पगार नाही, नुसत्या तक्रारी.

आज साडेसहा वाजले तरी नळ कोरडा. मी अंथरुणातूनच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "काकूंची साखरझोप चालू आहे वाटतं!" पटापट हसरे चेहरे आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दूध आणायला उतरलो, तर काकू चेंबरपाशी बसलेल्या. गुडघ्याला पट्टा, हातात पाना, साडीला चिखल. व्हॉल्व्ह जाम झाला होता आणि त्या पावणेसहापासून त्याच्याशी झगडत होत्या.

"काकू, मला हाक मारायची ना!"

"तुमचा मेसेज वाचला की. जागे आहात एवढं कळलं," त्या म्हणाल्या. "आता मोबाइलचा उजेड जरा इकडे धरा."

मी दहा मिनिटं उजेड धरला. पाणी आलं. माफी मागायचं राहूनच गेलं.

घरी पोचतो तोवर ग्रुपवर काकूंचा मेसेज: "पाणी सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी खाली येऊन मदत केली. त्यांचे आभार."

तेव्हापासून तिथे माझं कौतुक चाललंय. खरं काय ते लिहायला चारदा फोन उचलला, चारदा ठेवला. तुम्ही असतात तर लिहिलं असतंत का?

मी इथे लिहितोय. कारण इथे काकू नाहीत.