लायलचा अर्धा, माझा अर्धा

माझा मेव्हणा लायल पॅस्को गेला तेव्हा अख्खं कुर्राबिन गाव रडलं. मीही रडलो. पण खरं सांगतो, मी या माणसावर आयुष्यभर जळलो, आणि तो गेल्यावरही ते थांबलेलं नाही.

आमच्या गावचा मोठा रस्ता म्हणजेच दोन राज्यांची हद्द. मधल्या पांढऱ्या रेघेच्या उत्तरेला क्वीन्सलँड, दक्षिणेला आम्ही न्यू साउथ वेल्सवाले. उत्तरेचा अर्धा रस्ता त्यांच्या कौन्सिलनं करायचा, दक्षिणेचा आमच्या. डांबर फवारायची गाडी तिकडे लायलकडे, इकडे माझ्याकडे. उन्हाळ्यात आमच्या राज्याच्या नियमानं आमची घड्याळं तासभर पुढे करतात, त्यांची जागच्या जागी राहतात. म्हणजे घड्याळात तो माझ्या मागे. लोकांच्या तोंडी मात्र कायम पुढे.

कारण माझा अर्धा पाघळायचा. आमच्याकडे ऐन उन्हाळा जानेवारीत; तो तापला की डांबर वर यायचं. बेकरीतून निघालेला माणूस लायलच्या अर्ध्यावर ऐटीत चालायचा आणि रेघ ओलांडली की त्याच्या स्लिपरा चिकटायला लागायच्या. पबमध्ये याला 'डेसचा डिंक' म्हणायचे. डेस म्हणजे मी. माझी सख्खी बहीण नोरीन, लायलची बायको, रविवारी जेवायला बोलवायची आणि दारातच अडवायची, "बूट बाहेर काढ रे. तुझा रस्ता घरात नको." सगळे हसायचे. लायल हसायचा नाही, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

माझं एकच पालुपद असायचं, हातात खोट नाही, खडी वाईट येते. कोण ऐकतंय!

मग एके दिवशी पबमध्ये लायलनं दोन खिशांतून दोन मुठी खडी काढली आणि माझ्या बियरशेजारी ठेवली.

"ही आमची दहा नंबरची. ही तुमची दहा नंबरची."

"मग?"

"नाव एक, माल निराळा. आमची चौकोनी, तुमची चपटी. चपटी आडवी पडते लेका, तिला डांबर कमी पुरतं. तू बिचारा दहा नंबरच्या हिशेबानं फवारतोस आणि उरलेलं वर येतं. तुझ्या हातात खोट नाही."

मी खडीला नुसत्या शिव्या घालत होतो, आणि यानं खिशातून काढून दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. उलट अंगाचा तिळपापड झाला. माझी वकिली यानं का करावी?

पुढे दोन्ही कौन्सिलांची गावासमोर बैठक भरली तर तिथंही हाच उठला. "रेघेच्या दोन्ही बाजूंना ट्रक तेच, ऊन तेच. मग दहा नंबर म्हणजे केवढी खडी, त्यात चपटी किती चालेल, हे एकदाच ठरवा आणि दोघांची तपासणी सारखी करा. खाण कुणाची का असेना." टाळ्या पडल्या. विरोधात बोललो तो एकटा मी. "आमची खडी आम्हाला बरी," म्हणालो.

"कालपर्यंत तिलाच शिव्या देत होतास ना?" नोरीन माझ्या कानाशी म्हणाली.

तिला काय सांगणार? दोघांना एकच खडी मिळाली आणि तरीही माझाच अर्धा पाघळला, तर मग मी कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

पण ठरलं. एकाच ढिगातली खडी, एकाच टाकीतलं डांबर, दोन्ही अर्धे शेजारी शेजारी. मी पुढे कमी आणि लायलच्या गाडीकडे जास्त बघत होतो.

जानेवारी आला. भर दुपारी मी मुद्दाम स्लिपर घालून रस्ता ओलांडला. चिकटली नाही. परत आलो, तरी नाही. मधली रेघ पुसली असती तर कुठला अर्धा कुणाचा हे सांगता आलं नसतं. मी छाती काढून पबमध्ये शिरलो.

"बघितलंत ना आता?"

"बघितलं की," बारवाली बेव्ह म्हणाली. "शेवटी शिकवलं हो तुला लायलनं."

लायल कोपऱ्यातच होता. "मी काही शिकवलं नाही. हात त्याचाच आहे," म्हणाला. त्यावर लोक काय म्हणाले? काय मोठ्या मनाचा माणूस! मी बियर अर्धी टाकून घरी आलो.

या फेब्रुवारीत त्याला नेलं. चर्चकडून दफनभूमीला जायचं तर पश्चिमेला, आणि आपल्या गाड्या डावीकडून, म्हणजे सगळी वाट माझ्या अर्ध्यावरून. ऊन असं की वर बघवत नव्हतं. मी नोरीनशेजारी बसलो होतो. पुढे शवपेटीची गाडी चालली होती आणि पेटीवरचं एक फूलसुद्धा हलत नव्हतं.

नोरीन काचेतून खाली रस्त्याकडे बघत होती. तिनं माझा हात धरला.

"बघ ना डेस, एक हिसका नाही. किती छान केलाय रे त्यानं रस्ता."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी तिचा हात दाबला.

"हो," म्हणालो. "छान केलाय त्यानं."