पहिल्या रविवारचे दोन हजार दिरहम

ती केस मी अजून विसरलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या नोकरीतली नव्हेच. पोलीस निरीक्षक म्हणून बरीच वर्षं काढली, त्यातली शेवटची आर्थिक गुन्हे शाखेत. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि शारजात अल नहदाला राहायला आलो, कारण आमच्या सौभाग्यवतींची शाळेतली नोकरी इथे होती. आता मी दुबईत अल मनखूलमध्ये एका मराठी माणसाच्या मसाल्यांच्या कंपनीचे हिशेब बघतो. या देशात मला कुणाची चौकशी करण्याचा काडीचाही अधिकार नाही, हे मी स्वतःला वेळोवेळी बजावत असतो. तरीही ही एक चौकशी केली. नावं कुणाचीच लिहीत नाही.

खबर लिफ्टमध्ये मिळाली. सातव्या मजल्यावरच्या शेजारीणबाई पार्किंगपासून माझ्यासोबत वर आल्या, आणि त्यांचा मजला आला तरी उतरल्या नाहीत.

“दादा, पाच मिनिटं आहेत का? आमच्या घरी नको. तुमच्याकडे, वहिनींच्या समोर चालेल.”

त्यांचा नवरा एसी देखभालीच्या कंपनीत सुपरवायझर. त्या स्वतः एका नर्सरीत शिकवतात. एक मुलगी. दोघांचा मिळून पगार साडेसोळा हजार दिरहम. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी जे सांगितलं, त्याचा सारांश असा : नवऱ्याच्या चार क्रेडिट कार्डांवर एक लाख चौसष्ट हजार दिरहम थकलेले. तेवीसच्या भावानं पावणेअडतीस लाख रुपये. मध्ये वर्षभर बाईंची नोकरी नव्हती, सासऱ्यांची बायपास झाली, घरभाड्याचे आगाऊ दिलेले चेक वटायला हवे होते. सगळं कार्डावर गेलं. मग दर महिन्याला किमान रक्कम भरायची आणि व्याज वाढत राहायचं.

कार्डवाले असे बुडाले की पूर्वी बॅग भरून गुपचूप गावी निघून जायचे. आता पगारदार माणसालाही इथल्या कोर्टात दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज करता येतो. माझ्याच्यानं फेडणं होत नाही, मला हप्ते बांधून द्या, असं सांगायचं. कोर्ट एक तज्ज्ञ नेमतं, तो मिळकत आणि खर्च तपासतो, फेडीचा आराखडा बनवतो. अट एकच. काही लपवायचं नाही. नवऱ्यानं तसा अर्ज केला होता, पण तो तज्ज्ञाकडे अडला होता.

“आणि तज्ज्ञाचं अडलंय कुठे?” मी विचारलं.

“गेले अकरा महिने, महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्डावरून दोन हजार दिरहम रोख काढलेत. कशाला, ते हे सांगत नाहीत. नुसतं ‘खर्च झाला’ म्हणतात. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, येत्या गुरुवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल. मग बँका केस करणार, प्रवासबंदी येणार, कंपनी ह्यांना ठेवणार नाही. पोरीच्या पुढच्या टर्मची फी भरायची की शाळेतून नाव काढायचं, तेसुद्धा कळत नाहीये मला.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “दादा, दुसरी कुणी असेल का हो?”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्यांच्या बाबतीत त्यांचं मत सहसा तयार असतं.

मी आधी आकड्यांचा विचार केला. क्रेडिट कार्डावरून रोख काढणं हा सगळ्यात महागडा मार्ग. काढल्या दिवशीच शुल्क लागतं आणि त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. एवढा तोटा माणूस सोसतो तो नाइलाज असेल तरच. दुसरं म्हणजे व्यसनाचा आकडा वाढत जातो. जुगारी दोन हजारांवर थांबत नाही. बाईचं प्रकरण असेल तर सणावाराला, वाढदिवसाला आकडा हलतो. इथे अकरा महिने तो जागचा हलला नव्हता. आमच्या शाखेत अशा न हलणाऱ्या आकड्याचे दोनच अर्थ असायचे. एकतर कुणीतरी धमकावून वसुली करतंय, नाहीतर कुणालातरी दिलेला शब्द पाळला जातोय.

शनिवारी संध्याकाळी नवऱ्याला चहाला बोलवायला इंटरकॉम केला. मुलीनं उचलला.

“बाबा इज स्लीपिंग, अंकल.”

“उठव त्यांना. म्हणावं, पोहे गार होतायत.”

“ही इज नॉट रिअली स्लीपिंग,” ती म्हणाली आणि त्याला बोलवायला गेली.

पोलीस ठाण्यात असताना माझा एक नियम होता. जबाब घ्यायला बसलो तरी माणसाचा चहा संपेपर्यंत पेनाचं टोपण काढायचं नाही. लिहायला सुरुवात झाली की माणूस बोलण्याऐवजी पेनाकडे बघत बसतो. इथे तर पेनाचा प्रश्नच नव्हता. मी त्याच्या कामाचं विचारलं, उन्हाळ्यातल्या तक्रारींचं विचारलं, गावचं विचारलं. सगळ्याची उत्तरं त्यानं सरळ दिली. पैशांवर आलो की “झाला खर्च, साहेब, खलास,” एवढंच.

मधे त्याचा फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा त्यानं नंबर बघून फोन उलटा ठेवला. बँकेची वसुलीवाली माणसं, हे सांगायची गरज नव्हती. चौथ्यांदा वाजला तेव्हा पहिल्या रिंगला उचलला आणि बोलता बोलता उभा राहिला.

“हो काका. उद्याच. नाही नाही, मी येतोय ना. इन्शाल्ला बाराला पोचतो.”

फोन ठेवून बसला तेव्हा मी विचारलं, “कोण होतं?”

“साइटवरचा माणूस आहे.”

“साइटवरच्या माणसाशी बोलायला सुपरवायझर उभा राहतो?”

धमकावणाऱ्याचा फोन आला की माणूस बाहेर पळतो, आवाज दाबतो. हा तर घरातलं वडीलधारं समोर आल्यासारखा उठला होता. मी पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि थांबलो. चौकशीत थांबणं हे सर्वांत अवघड काम असतं. नवीन फौजदारांना ते जमत नाही.

“मिस्त्री आहेत,” शेवटी तो म्हणाला. “आमच्या तालुक्यातले. साठीला आलेत.”

“त्यांचं काय देणं आहे?”

“देणं नाही हो साहेब. भिशी आहे.”

मग सगळं बाहेर आलं. तालुक्यातल्या वीस जणांची भिशी होती. गवंडी, सुतार, ड्रायव्हर. प्रत्येकानं महिन्याला हजार दिरहम टाकायचे, पहिल्या रविवारी चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्यानं वीस हजार उचलायचे आणि सगळ्यांना चहा-वडे द्यायचे. भिशी चालवणारा हा. सहा महिन्यांतच दोघांची नावं निघाली, त्यांनी पैसे उचलले, नोकरी सोडली आणि गावी गेले ते गेलेच. त्या दोघांचे महिन्याचे दोन हजार हा भरत होता. कुणाला कळू न देता, कार्डावरून रोख काढून. सतरा नंबर झाले होते. अजून तिघांना पैसे मिळायचे होते, त्यांतले एक मिस्त्री.

“बायकोला का नाही सांगितलंत?”

“तिनं पहिल्याच महिन्यात बंद करायला लावलं असतं.”

“बरोबरच केलं असतं.”

“म्हणून तर नाही सांगितलं.”

“आणि कोर्टाला?”

“बँकांच्या रांगेत त्या माणसांची नावं लावू? बँकेला चेहरा नसतो, साहेब. मिस्त्रींना आहे. शिवाय लेबर कॅम्पातल्या माणसाचं नाव कोर्टात गेलं तर त्याच्या व्हिसाचं काय होईल, कोण सांगणार?”

मी त्याच्या बायकोला वर बोलावलं. ऐकून ती आधी हसली, मग रडली, मग सोफ्यावरची उशी उचलून त्याला दोन रट्टे दिले. “भिशी? मी महिनाभर झोपले नाही, आणि तुम्ही भिशी भरताय? दुसरी असती तर बरं झालं असतं, तिला शिव्या तरी देता आल्या असत्या!” सौभाग्यवतींचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला.

वकीलबाईंना तिथूनच फोन लावला. त्या तडकल्या. “हे आधी सांगायला काय झालं होतं? जे देणं आहे ते सगळं लिहायचं, मग घेणेकरी बँक असो की मित्र. त्याचं नाव येतं ते पैसे घेणं आहे म्हणून, त्यानं गुन्हा केलाय म्हणून नाही. पण त्या तिघांना आधी समजावून सांगा. आणि उद्या स्वतःच्या खिशातून एक दिरहमही देऊ नका. अर्ज चालू असताना एकालाच पैसे दिलेले चालत नाहीत.”

रविवारी मी त्याच्यासोबत कॅम्पावर गेलो. बारा बाय पंधराची खोली, दुमजली खाटा, खाली सतरंजी. मी पूर्वीचा पोलीस आहे कळल्यावर दोघं जण पाणी आणायला म्हणून उठले आणि बराच वेळ परतलेच नाहीत.

सुपरवायझरनं उभं राहून सगळं सांगितलं. मग एक ड्रायव्हर म्हणाला, “थांब थांब. म्हणजे ते दोघं गावाहून पैसे पाठवत नव्हते?”

“नाही.”

“अरे, मी त्यांना फोन करून शाबासकी दिली होती! म्हटलं, गावी जाऊनसुद्धा हप्ता चुकवत नाही, माणूस असावा तर असा!”

“मग ते काय म्हणाले?” कुणीतरी विचारलं.

“थँक यू म्हणाले!”

सगळी खोली हसली, एक सोडून. पैसे न मिळालेल्या तिघांतला तरुण सुतार. “तुम्ही हसा. माझ्या घराचा स्लॅब थांबलाय. कोर्टाच्या भानगडीत माझे पैसे अडकणार ना?”

हा प्रश्न रास्त होता, म्हणून मी हिशेब मांडला. विसातून पळालेले दोघं आणि हा वजा केला, की सतरा जण उरतात. म्हणजे महिन्याला सतरा हजार जमतील. राहिलेल्या तिघांना प्रत्येकी तीन हजार कमी पडतील. ते नऊ हजार सुपरवायझरचं देणं म्हणून कोर्टात लिहायचे, बाकी कर्जाबरोबर हप्त्यानं मिळतील.

“हबीबी, तीन हजार म्हणजे किती होतात माहितीय? एकोणसत्तर हजार रुपये!” सुतार म्हणाला. “आणि कोर्टात नाव आमचं!”

तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा बोलले. “माझं लिहा. आमच्या घरातल्या कुणाचं नाव घेणेकरी म्हणून कोर्टात गेलेलं मला आठवत नाही. मला बरंच वाटेल.” मग सुताराकडे वळून, “आज चिठ्ठी काढायची नाही. आजचे सतरा हजार तू उचल. तुझा स्लॅब आधी. माझी पोरगी अजून शिकतेय, मला घाई नाही.”

चिठ्ठी न काढता पैसे द्यायचे, हे त्या भिशीत कधी झालं नव्हतं. थोडी कुजबुज झाली. तिसऱ्यानं मान डोलावली. सुतारानं पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाला, “लिहा माझंही.” पैसे गोळा होत असताना सुपरवायझरचा हात दोनदा खिशाकडे गेला. दोन्ही वेळा मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

गुरुवारच्या आत खुलासा गेला. तज्ज्ञानं दोन-चार प्रश्न विचारले, ती तीन नावं घेणेकऱ्यांत घातली. एकूण देणं झालं एक लाख त्र्याहत्तर हजार. काही महिन्यांनी आराखडा मंजूर झाला : तीन वर्षं, महिन्याला चार हजार आठशेच्या थोडं वर. कार्डं रद्द, नवं कर्ज बंद. मिस्त्रींच्या वाट्याला महिन्याला त्र्याऐंशी दिरहम येतात. आले की ते मला फोन करून सांगतात, जणू मीच पाठवलेत. ड्रायव्हर त्या दोघांना अजून फोन करतो. ते आता उचलत नाहीत.

मंजुरी आली त्या दुपारी नवरा-बायको दोघं शाळेत गेले आणि पोरीच्या पुढच्या टर्मची फी भरून आले. पावती आम्हाला दाखवायला वर आले. म्हणजे ते आता इथेच राहणार होते.

आर्थिक गुन्हे शाखेत माझा पहिला प्रश्न असायचा, पैसा कुणी खाल्ला? इथे माझ्यासमोर बसलेल्या माणसानं त्यातला एक दिरहम खाल्ला नव्हता, तरी तो अट्टल गुन्हेगारासारखा गप्प होता. त्याची लाज चांगुलपणाची होती, आणि त्या लाजेनं त्याला जवळजवळ बुडवलं होतं. कायदा त्याच्या बाजूनं उभा राहायला तयार होता, भिशीवालेही तयार होते, फक्त कुणाला खरं माहीत नव्हतं. तेव्हापासून कुणी कर्जाचा सल्ला मागायला आलं की मी आकडे नंतर बघतो. आधी विचारतो, घरी कुणाला सांगितलंय? बहुतेक जण खाली बघतात. मग मी त्यांना सांगतो, चहा घ्या आणि आधी घरी जाऊन या.