सुनेसाठी मिरचीची चटणी

पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला एसटीनं येताना माझ्या शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मांडीवर काचेची बरणी घट्ट धरली होती. खड्ड्यात त्या स्वतः आदळत, पण बरणी हलू देत नसत.

"पिवळ्या मिरचीची चटणी हाये," त्या म्हणाल्या. "सून पेरू देशातली. पहिल्यांदा येऊन राह्यली. तिकडे यात दूध, चीज टाकतात. ते ती खात नाई, म्हून म्या शेंगदाणे वाटले. लई खेपा बिघडली."

"आपलं जेवणही आवडेल तिला," मी म्हटलं.

"आवडंल ना. पण पहिला घास तिच्या मायच्या हातचा वाटला पायजे."

स्टँडवर बाईंच्या मुलासोबत उभ्या सुनेनं तिथंच बरणीत बोट बुडवून चाखलं. तिचे डोळे भरले.

"तिखट झाली काय?" बाई घाबरल्या.

सून त्यांच्या गळ्यात पडली. बाईंनी बरणी सांभाळत तिला एका हातानं जवळ घेतलं.