ताट पुढे सरकवण्याची तीन वर्षं

संकटात विश्वास वाढला, अशी साक्ष आमच्या ख्रिस्ती मंडळीत पुष्कळ जण देतात. माझाही वाढला. पण तो कसा वाढला हे मी उभं राहून कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोकांनी मला खाली बसवलं असतं. मी क्षमाशील माणूस नव्हे. हल्लीचे लोक मला तसं समजतात आणि मला ते ऐकवत नाही.

सत्तरच्या दशकात मी भोसरीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होतो. प्रेसला दोन बटणं असत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा भाग खाली येई, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नाही. पण असं रीतसर काम केलं तर शिफ्टमध्ये ठरलेला माल निघत नसे. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, ते कायम दाबलेलंच ठेवायचं आणि मोकळ्या झालेल्या हाताने पत्रा सरकवायचा. मला पाचर मारायला आमच्या सुपरवायझरने सांगितलं. "ठोक रे, समदेच ठोकत्यात," म्हणाला.

हा सुपरवायझर परका नव्हता. नगर जिल्ह्यात आमच्याच बाजूचा, ख्रिस्ती, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मला कंपनीत त्यानेच चिकटवलं. गावच्या नात्याने मी त्याला मामा म्हणायचो. रविवारी पिंपरीला एका शाळेच्या खोलीत आमची उपासना भरे, तिथे तो पंच, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक होता.

एकदा पहिल्या पाळीला माझ्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसमध्ये गेली. चौकशी झाली. बांधलेला हात मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि मामा साहेबांना सांगत होता, "मी न्हाई सांगितलं साहेब. त्यानं आपल्या मनानं ठोकली." माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. चूक माझी ठरली. महिनाभर घरी बसलो आणि परत आलो तो पॅकिंगला, खोकी चिकटवायला.

त्या महिन्यात मी जन्मात केली नव्हती इतकी प्रार्थना केली. तोवर माझा धर्म म्हणजे नाताळचे नवे कपडे आणि आईने पाठ करून घेतलेली चार वचनं. आता मी तासन्‌तास गुडघ्यांवर असायचो. आणि मागायचो काय? त्याची वाचा बसू दे. त्याचा हात झडू दे. त्याच्या मुलींना तेवढं वगळायचो, हीच माझी दया. बायको एकदा म्हणाली, "अहो, देवाला काय गडी ठेवलाय तुम्ही? तुमची भांडणं तुम्ही करा." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

देव काही करीना, तेव्हा भांडण मीच हाती घेतलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा घ्यायचा. आदल्या शुक्रवारी तयारीची सभा. कोणाचं कोणाशी वैर आहे का, असं पाळकसाहेब विचारतात. असेल तर ते मिटवायचं आणि मगच मेजाला यायचं. वैर ठेवून भाकर घ्यायची नाही, ही जुनी शिस्त. बहुतेक जण शुक्रवारी गप्प बसतात आणि रविवारी मुकाट घेतात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं वैर आहे. नाव सांगत नाही." सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या.

रविवारी भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून फिरवणं हे पंचाचं काम, म्हणजे मामाचंच. ताट माझ्यापुढे आलं की मी डावा हात खिशात घालायचो आणि उजवा बाहेर काढायचो. त्या तीन बोटांनी ताट शेजाऱ्याकडे सरकवायचो. सावकाश. मागच्या बायकांनाही नीट दिसलं पाहिजे. मामाच्या कपाळावर घाम यायचा. मला काय सुख व्हायचं ते! भाकर खाऊन कधी झालं नव्हतं.

असं तीन वर्षं चाललं. अंगात ताप असतानाही मी गेलो, एक रविवार चुकवला नाही. मामा वाळत गेला. काही जण त्याच्या हातून ताट घेताना खाली बघू लागले. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही प्रभूच्या मेजाचा चाबूक केलाय," ते म्हणाले. मी म्हणालो, "पाठ त्याचीच आहे ना? मग झालं तर."

पण एका ईस्टरला माझ्या शेजारची म्हातारी डोळे मिटून तो एवढासा तुकडा चघळत होती आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पोटाची भूक नव्हती ती. आपल्यालाही हे हवं आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून अधिकच राग आला.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका सोमवारी संध्याकाळी मामा आमच्या खोलीवर आला. बसला नाही. "माझं चुकलं. तवा नोकरी जाईल म्हनून भ्यालो. रविवारी मंडळीपुढं उभा ऱ्हाऊन सांगतो."

"मंडळीला माहीत आहे," मी म्हणालो. "कंपनीत सांगा. साहेबांच्या टेबलावर लिहून द्या."

तो देणार नाही याची मला खात्री होती. घरात दोन मुली शिकत होत्या. बायकोने दिलेलं पाणी तो प्यायला आणि गेला.

मंगळवारी त्याने लिहून दिलं. दुपारपर्यंत शेडभर झालं. त्याला ऑफिसात बोलावलं ते तो मशीनकडे परत आलाच नाही. खोटं बोललेला सुपरवायझर कंपनीला चालला होता, लिहून देणारा चालला नाही. मी खोकी चिकटवत मोठ्याने गीत म्हणत होतो. शुक्रवारी सभेत छाती काढून सांगितलं, "माझं वैर मिटलं."

रविवारी ताट दुसऱ्याच पंचाच्या हातून आलं. मामाच्या घरच्यांचं बाक रिकामं होतं. मी तुकड्याकडे हात नेला आणि तो तिथेच राहिला. माझं वैर मिटलं होतं खरं. पण मला विचारलं होतं ते फक्त माझ्या बाजूचं. त्या रिकाम्या बाकावरच्या माणसांचं माझ्याशी काय होतं, हे मी त्यांना विचारलं होतं का? ताट पुढे दिलं, उठलो आणि भोसरीची बस पकडली.

मामीने दार उघडलं. "आता काय बघायला आलात?" म्हणाली. आत मामा वळकटीला दोरी आवळत होता. गावी निघाले होते.

मी म्हणालो, "मामा, मला क्षमा करा."

त्याने गाठ पक्की केली. "तुला तीन वर्सं लागली," तो म्हणाला. "मला किती लागतील, आत्ताच कसं सांगू?"

खोटं कशाला बोलू, मला संताप आला. एवढा मी वाकून आलो आणि हा मला ताटकळत ठेवतो! तसाच तडक बाहेर पडलो. स्टॉपवर बस येईना. उभ्या उभ्याच प्रार्थना करू लागलो, पण शब्द जुळेनात. इतकी वर्षं शापच दिले होते. शेवटी एवढंच म्हणालो, "प्रभू, त्याच्या मनात माझ्यासारखा माणूस वाढू देऊ नकोस."