उलटा बाण

माझे बाबा फ्रेमवाले. फोटो, चित्रं, पदव्या, जे येईल त्याला चौकट घालून द्यायची हा त्यांचा धंदा, आणि इतक्या वर्षांत त्यांनी चौकटीच्या आतलं काही म्हणून पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकानं टेबलावर काहीही ठेवलं की त्यांची नजर थेट कडांवर. कड सरळ आहे का, कागद कुठं दुमडलाय का, भोवती पुठ्ठ्याचा माउंट किती सोडावा लागेल. एकदा एक बाई नवऱ्याचा मोठा केलेला फोटो देऊन गेल्या. आठवड्यानं तो नवरा स्वतः फ्रेम न्यायला आला, तर बाबांनी त्यालाच विचारलं, "हे कोण गृहस्थ?" आई हा किस्सा येईल त्याला सांगते आणि हसून हसून लाल होते. बाबांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. "चित्र गिऱ्हाइकाचं, कडा आपल्या," एवढंच ते म्हणतात.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. घरात मला ठकू म्हणतात. दुकानात शिरलं की डाव्या भिंतीवर पट्ट्यांचे नमुने टांगलेले असतात, नुसते लाकडी काटकोन. लहानपणी मी त्यातले दोन काढून एकमेकांना भिडवायची आणि मधल्या चौकोनातून रस्ता बघत बसायची. पुढं डिझाइनच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी हेच करायला लावलं, पुठ्ठ्याचे दोन काटकोन हातात देऊन. मी अगदी जन्मात पहिल्यांदाच बघतेय असा चेहरा केला.

कॉलेजात एक मोठं खूळ होतं. तुमची प्रेरणा कुठली? प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी हे विचारायचंच. कुणी समुद्र सांगायचं, कुणी आजीच्या गोधड्या, कुणी परदेशातली इमारत. मी प्रदर्शनांमागून प्रदर्शनं पालथी घातली, वह्या भरल्या, पण दुकानाचं नाव काढलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. कारणही साधं होतं. बाबांना मी त्या दुकानात हवी होते आणि मला तिथं जायचं नव्हतं. दुकानातून एक खिळा जरी उचलून कॉलेजात आणला, तर त्या खिळ्यामागून अख्खं दुकान येईल अशी मला भीती होती.

तरी एक कल्पना डोक्यात घर करून बसली होतीच. एक खोली, आणि छताला टांगलेल्या रिकाम्या चौकटी. चित्र नाही, काच नाही. एका चौकटीतून बघितलं की पुढची दिसावी, तिच्यातून त्याच्या पुढची, आणि सगळ्यांत शेवटी एक माणूस बसलेलं असावं. ही कल्पना मी कुणालाही सांगितली नव्हती. कागदावरसुद्धा उतरवली नव्हती.

तिसऱ्या वर्षी आम्हाला दिशादर्शन शिकवायला एक बाई आल्या. इमारतीत आलेल्या परक्या माणसाला न विचारता वाट कशी सापडावी, हा त्यांचा विषय. मुलं त्यांना बाणवाल्या बाई म्हणायची. बाई कडक होत्या, पण बोलायला लागल्या की ऐकत राहावं. "चांगला बाण कुणाच्या लक्षात राहत नाही," त्या म्हणायच्या. "माणसाला वाटतं आपणच वळलो. आणि एक विसरू नका. ज्यानं बाण लावले त्याला ते कधी नेत नाहीत. त्याला वाट आधीच माहीत असते."

वार्षिक प्रदर्शनाचे बाण लावायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. माझं स्वतःचं काम त्या वर्षी निवडलं गेलं नव्हतं, तेव्हा ही समजूत काढण्याचीच तऱ्हा होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बाण कापले. पांढऱ्या भिंतीवर काळे, अक्षर एकही नाही.

शेवटचा बाण लांब व्हरांड्याच्या टोकाला लावायचा होता. तिथून डावीकडे वळलं की शेवटचं दालन आणि बाहेर जायचा जिना. उजवीकडे नुसती भिंत, नुकताच चुना दिलेली. मागं चिकटपट्टी लावून मी बाण उचलला आणि तेवढ्यात बाबांचा फोन आला. फोन खांद्यात दाबून मी बोलत होते.

"ठकू, हात थरथरतोय गं," बाबा म्हणाले. "काच कापायचा हिरा धरवत नाही. आज पुन्हा एक काच फुटली."

"मग माणूस ठेवा की."

"परका माणूस आपल्या हिऱ्याला हात लावणार? प्रदर्शन बघायला येतो नि तुला घेऊनच जातो. झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं."

"एक वर्ष राहिलंय बाबा. मी येणार नाही."

"बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाबांचं 'बघू' म्हणजे ठरलंच. मी रागाच्या भरात बाण भिंतीवर थापला आणि तळव्यानं दाबला. दोन पावलं मागं येऊन बघते तर तो उलटा लागला होता. डावीकडचा बाण उलटा धरला की उजवीकडचा होतो, हे लहान पोरालाही कळतं. आता तो भिंतीकडे बोट दाखवत होता. काढायला गेले तर कोपऱ्यातला चुना निघायला लागला. म्हटलं, मरू दे. भिंत बघून माणसं आपोआप डावीकडे वळतील.

प्रदर्शन उघडलं. मी बाहेर जायच्या जिन्यापाशी उभी राहून लोकांना पत्रकं देत होते. पहिल्याच दिवशी एक वयस्क बाई छत्री टेकत आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ती चौकटींची खोली सगळ्यांत छान हो. मला तर तिथून निघवेना."

"कुठली खोली?"

"आता गं, मघाशी तूच नाही का समजावून सांगितलंस? एवढ्या लवकर बाहेर कशी आलीस?"

बाईंची चूक झाली असेल म्हणून मी सोडून दिलं. पण मग एक जोडपं आलं. मग शाळेतले एक मास्तर आले. सगळे तीच खोली सांगत होते. टांगलेल्या चौकटी, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि शेवटी स्टुलावर निळ्या स्वेटरातली मुलगी. मास्तरांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी निळा स्वेटरच घातला होता.

गर्दी कमी झाल्यावर मी व्हरांड्याच्या टोकाला गेले. बाण होता, भिंत होती. मी भिंतीवर हात फिरवला, कान लावला. तळव्याला चुना लागला, बाकी काही नाही. किल्ल्या सांभाळणारे काका तिथं खुर्ची टाकून बसायचे. त्यांना विचारलं, "काका, या भिंतीपलीकडे काय आहे?"

"हवा," काका म्हणाले. "ही बाहेरची भिंत. पलीकडे सरळ खाली अंगण."

"मग लोक इथून कुठं जातात?"

"बाण दाखवतो तिकडे जातात. मी काय प्रत्येकाच्या पाठीमागं बघत बसू?"

मी जिन्याच्या खिडकीतून डोकं काढून पाहिलं. काका म्हणत होते तसंच होतं, सरळसोट भिंत आणि खाली अंगणातल्या फरश्या. त्याच क्षणी जाऊन तो बाण सरळ करायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. वर्षभर ज्या मुलीचं काम कुणी निवडलं नाही, तिचं काम बघून परकी माणसं डोळे पुसत बाहेर येत होती. काम मी केलेलं नव्हतं, एवढीच काय ती अडचण. रोज सकाळी मी ठरवायची की आज बाण काढायचा, आणि रोज पत्रकं हातात घेऊन जिन्यापाशी जाऊन उभी राहायची. भीती वाटायचीच, तरी लोक बाहेर आले की कान त्यांच्याकडे.

शेवटच्या दिवशी बाबा आले. लग्नकार्याला घालायचा शर्ट, हातात परतीची दोन तिकिटं. उजवा हात त्यांनी खिशात घालून ठेवला होता, थरथर दिसू नये म्हणून. ते बघून मला भडभडून आलं आणि रागही आला.

"सामान भरलंस?" त्यांनी विचारलं.

"आधी प्रदर्शन तर बघा."

"बघतो की. कुठून जायचं?"

मी त्यांच्याबरोबर जाऊ शकले असते. डावीकडे वळा, एवढं तरी सांगू शकले असते. पण माझ्या मनात आलं, त्यांनी ती खोली बघावी. ती बघितली तर ते मला न्यायचं नाव काढणार नाहीत. दुकानाच्या चौकटींचं मी काय केलंय ते त्यांना एकदा दिसू दे.

"बाण आहेत तसे जा," मी म्हटलं.

मी जिन्यापाशी थांबले. त्यांच्यामागून आत गेलेले लोक बाहेर आले, त्यांच्याही मागचे आले. बाबा आले नाहीत. शेवटी मी खिडकीतून खाली अंगणात पाहिलं.

बाबा फाटकाकडे चालले होते. त्यांच्या शेजारी निळ्या स्वेटरातली एक मुलगी होती आणि तिच्या खांद्याला माझी बॅग होती. बाबांचा उजवा हात खिशाबाहेर, तिच्या खांद्यावर होता, आणि ते हसत होते. असं मोकळं हसताना मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ती मुलगी मात्र फाटकापाशी थांबली आणि वळून नेमकी माझ्या खिडकीकडे पाहू लागली. तिचा चेहरा माझाच होता. ती रडवेली नव्हती, रागावलेलीही नव्हती. तिचं सगळं ठरलेलं होतं.

मी जिना उतरून फाटकापर्यंत धावले. रस्त्यावर कुणी नव्हतं. बाबांना फोन लावला, तर बसचा आवाज आणि त्यात बाबांचं हसू.

"अगं, शेजारी बसलीयेस नि फोन कसला करतेस? पुरे झाला चावटपणा," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

वर आले तर बाणवाल्या बाई व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. "इतके दिवस हा बाण उलटा आणि तुला दिसला नाही?" असं म्हणून त्यांनी तो नखानं सोडवला आणि फिरवून नीट डावीकडे लावला. मी पुढं होऊन त्यांचा हात धरणार होते. पण काय सांगून धरणार?

दुसऱ्या दिवशी मी घरी फोन केला. आईनं उचलला.

"आई, मी बोलतेय."

"मी कोण?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात मागून माझाच आवाज आला. "आई, मिठाचा डबा कुठं ठेवलास?" आईनं तिला सांगितलं, फडताळात वरच्या खणात, आणि फोन ठेवून दिला.

मी पुन्हा फोन केला नाही. लोकांना वाटेल भीतीनं, आणि भीती तर होतीच. पण सुटल्यासारखंही वाटत होतं. आता मला परत बोलावणारं कुणी उरलं नव्हतं. शेवटच्या वर्षी मी ती खोली खरोखर बांधली. चौकटी टांगल्या, शेवटी स्टूल टाकून स्वतः बसले, येणाऱ्याला समजावून सांगितलं. लोक म्हणाले, छान आहे. डोळे मात्र कुणी पुसले नाहीत.

पदवी मिळाली. तो कागद गुंडाळून मी आमच्या दुकानात गेले, गिऱ्हाईक जातं तशी. काटकोन तसेच टांगलेले होते. मागच्या टेबलावर ती काच कापत होती. हिरा हातात, रेघ एका दमात. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. बाबा पुढं स्टुलावर बसले होते. जरा जाड झाले होते, हात मांडीवर शांत.

"या ताई," ते म्हणाले. त्यांनी कागद उलगडून कडा तपासल्या, फूटपट्टी लावून मोजल्या. "ठकू, काळी पट्टी दे गं." मग पावतीपुस्तक ओढलं. "नाव काय घालू?"

"त्यावर आहे," मी म्हटलं.

बाबांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि चौकटीच्या आत जायचं ते त्यांनी पहिल्यांदा वाचलं. एक एक अक्षर बोटाखाली धरून वाचलं. बराच वेळ त्यांचं बोट नावावर थांबलं.

"आमच्या मुलीचंही हेच नाव," ते म्हणाले. "तीही असलंच काहीतरी शिकत होती. एक वर्ष राहिलं होतं. माझ्यासाठी सोडून आली बिचारी."

मागं काचेवर चाललेला हिरा थांबला.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या वडिलांना केवढा आनंद झाला असेल, नाही?"

"त्यांनी अजून पाहिलं नाहीये," मी म्हटलं, आणि पावती घेतली.