रामेश्वरापेक्षा स्वस्त

मागच्या हिवाळ्यात मी आईला थायलंडला नेलं. का, तर ते रामेश्वरापेक्षा स्वस्त पडत होतं. सांगताना जीभ अडखळते, पण झालं ते असंच.

आईला रामेश्वर पाहायचं होतं, कधीपासूनचं. मी जळगावात नोकरीला, ती शिंदखेड्याकडच्या आमच्या खेड्यात एकटी. म्हटलं, यंदा विमानाने नेते. ट्रॅव्हलवाल्याने सुट्ट्यांतलं दक्षिणेचं विमान, हॉटेल, गाडी धरून असा आकडा सांगितला की मी चाटच पडले. "मॅडम, एवढ्यात थायलंड होऊन वर खरेदी निघते," तो म्हणाला. "तिकडे एकेक देश गिऱ्हाईक ओढायला भाव पाडून बसलाय. सगळं जळगाव तिकडंच चाललंय." मला मोह पडला. ऑफिसात सांगायलाही झोकात, आईला फॉरेन दाखवलं! पासपोर्ट कशाला, असं तिने विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, "विमानाला लागतो." सरप्राइज देणार होते ना मी, शहाणी!

आदल्या दिवशी तिला आणायला गेले तर ओटा बायकांनी भरलेला. आमच्याकडे कुणी यात्रेला निघालं की गल्ली आपापला नारळ नि दक्षिणा त्याच्या हाती देते, आपल्या नावाने देवाला वाहायला. शेजारची म्हातारी काकू पदराची गाठ सोडत होती. "मन्हा नावनं वाहजो वं!" मी आईला स्वयंपाकघरात ओढलं आणि खरं काय ते सांगितलं. तिने ओट्याकडे बोट केलं.

"मंग त्यासले सांग ना जाईसन."

"आता? सगळ्यांसमोर? अगं, देव काय तिकडे नाही?"

मी बाहेर गेलेच नाही. माझी लाज राखायला तीही गप्प राहिली. नारळ देवघरात ठेवले, दक्षिणा पर्समध्ये घेतली.

थायलंडात तिने मी दाखवलं ते सगळं निमूट पाहिलं. समुद्रावरही पर्स छातीशी घट्ट. माझे फोटो बिघडत होते, म्हणून मी खेकसले, "ठेव ना ती बाजूला!"

"दुसरानं शे त्यामा," ती म्हणाली.

परतलो तर बायका पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन दारात. यात्रेहून आलेल्याचे पाय धुतात आमच्याकडे. काकू वाकली तशी आईने पाय मागे ओढले.

"पाय नका धुवा वं मन्हा. मी देवले गऊच नही. मालेच परदेश देखानी हौस व्हती."

एकेकीचा नारळ नि दक्षिणा तिने परत केली. काकू कंबर धरत उठली. "ह्या वयमा हाई थेरं?" आईने मान खाली घातली. आणि मी, तिची पोटची पोर, चौकट धरून उभी. माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.

अजूनही फुटलेला नाही. लाज वाटते, दुसरं काय! गल्लीतलं कुणी यात्रेला निघालं की आई अजून आपल्या नावाचा नारळ काढून ठेवते. तिच्या हातून तो घ्यायला आता कुणी तयार नसतं.